व्हिडिओ गेमच्या सशुल्क पुरवण्या आणि प्रकाशकांचे उत्तरदायित्व

पुरवणी हा शब्द मराठी वाचकाच्या परिचयाचा आहे. वृत्तपत्राला रविवारची पुरवणी असते. ग्रंथाच्या नव्या आवृत्तीला पुरवणी जोडली जाते. मूळ वस्तू आपल्या जागी पूर्ण आहे आणि पुरवणीने तिच्यात भर पडते, हे त्यात गृहीत असते. व्हिडिओ गेमचे प्रकाशक मूळ खेळाच्या विक्रीनंतर जे अतिरिक्त भाग शुल्क घेऊन डाऊनलोडसाठी देतात, त्यांनाही हाच नियम लावावयास हवा. श्रोत्यांपैकी ज्यांच्या घरी असे खेळ खेळले जातात, त्यांना या आग्रहाचे कारण निराळे सांगावयास नको.

मार्च २००६ मध्ये बेथेस्डा या अमेरिकन कंपनीचा ‘ऑब्लिव्हियन’ हा खेळ बाजारात आला. पुढच्याच महिन्यात त्यातील घोड्यासाठी चिलखत विक्रीस निघाले. किंमत अडीच डॉलर. कथेत त्यामुळे काहीच भर पडत नव्हती. खेळाडूंनी या चिलखताची यथेच्छ थट्टा केली आणि ती आजही थांबलेली नाही. मात्र याच खेळाची ‘शिव्हरिंग आइल्स’ ही पुरवणी मार्च २००७ मध्ये सुमारे ३० डॉलरला आली, म्हणजे बारापट किमतीला, आणि तिचे चांगले स्वागत झाले. तीत नवा प्रदेश होता, नवे कथानक होते. तेव्हा ग्राहकाचा राग किमतीवर असतो, हा समज खरा नव्हे. (घोड्याचे चिलखत मात्र चिवट निघाले. २०२५ साली या खेळाची नवी आवृत्ती आली, तेव्हा जादा पैशांच्या संचात ते पुन्हा होतेच.)

याहून गंभीर प्रकार २०१२ साली घडला. कॅपकॉम या जपानी कंपनीच्या ‘स्ट्रीट फायटर एक्स टेक्केन’ या खेळाच्या डिस्कमध्येच १२ लढवय्ये कुलूपबंद अवस्थेत असल्याचे खेळाडूंना आढळले. ते पुढे स्वतंत्रपणे विकावयाचे होते. ज्याने पुरवणी घेतली आणि ज्याने घेतली नाही अशा दोघांना परस्परांशी खेळता यावे म्हणून ही योजना केली, असे कंपनीने सांगितले. तांत्रिकदृष्ट्या हा खुलासा अगदीच निराधार नव्हता. परंतु ग्रंथ विकत घ्यावा, त्याची शेवटची प्रकरणे शिवून बंद केलेली असावीत आणि दोरा कापण्याचे निराळे पैसे मागितले जावेत, अशी ग्राहकाची भावना झाली, तर त्याला दोष देता येत नाही.

प्रकाशकांची बाजूही ऐकली पाहिजे. खेळाची डिस्क छापण्यास गेल्यावर विक्रीच्या दिवसापर्यंत काही आठवडे जातात. त्या काळात चित्रकार व लेखक रिकामे बसत नाहीत. म्हणून पहिल्याच दिवशी मिळणारी पुरवणी मूळ खेळातून कापलेलीच असते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पुरवणीचे श्रम नवे आहेत काय आणि तिच्यावाचून मूळ खेळ पुरा होतो काय, एवढेच पाहावयाचे. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड या संस्थेने २०१५ च्या ‘द विचर ३’ बाबत हा विवेक दाखविला. लहानसहान १६ भाग विनामूल्य दिले गेले. शुल्क आकारले ते दोनच मोठ्या पुरवण्यांना. त्यांपैकी ‘ब्लड अँड वाइन’ (२०१६) सुमारे वीस तासांची आहे.

पुरवण्या तयार होण्यापूर्वीच त्यांचा एकत्रित ‘सीझन पास’ विकण्याची प्रथाही रूढ आहे. तेथे केवळ वचन विकले जाते. त्यात काय आणि केव्हा मिळेल हे आधी सांगितले जावे, आणि न दिल्यास पैसे परत व्हावेत.

भारतात ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रीतील फसव्या क्लृप्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. खोटी घाई निर्माण करणे, किमतीचे घटक आरंभी लपविणे यांचा त्यांत समावेश आहे. मर्यादित वेळेची भीती घालून पुरवणी विकणाऱ्यांनी ती अवश्य वाचावीत.

एक प्रश्न उरतो. युबीसॉफ्टचा २०१४ चा ‘द क्रू’ हा खेळ ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद होताच खेळता येईनासा झाला. त्यासाठी घेतलेल्या पुरवण्याही त्याबरोबर गेल्या. ग्राहकाला मालकी मिळत नसून केवळ परवाना मिळत आहे, हे विक्रेत्याने स्पष्ट सांगावे, असा कायदा कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून अमलात आला. तो सांगण्याची सक्ती करतो, खेळ चालू ठेवण्याची नव्हे. सर्व्हरवर अवलंबून असलेल्या खेळाची पुरवणी विकताना मूळ खेळ निदान कोणत्या तारखेपर्यंत चालेल, हे किमतीच्या शेजारी छापणे प्रकाशकांना अवघड नाही.