गेलेला दात आणि रोपलेला दात
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



धर्मसभेच्या मंडपात दातांचा विषय कशासाठी, अशी शंका काहींच्या मनात आली असेल. ती अस्थानी नाही. परंतु साठी ओलांडलेल्या मंडळींची पंगत बसली की या विषयाचे प्रयोजन आपोआप दिसू लागते. कोणी भाकरी ताकात कुस्करून घेतो, कोणी शेंगदाण्याची चटणी पानातच बाजूला सारतो, तर कोणी कवळी काढून रुमालात गुंडाळतो आणि मगच जेवायला बसतो. कवळी करून घेतली ती जेवणासाठी, आणि नेमकी जेवणाच्या वेळी ती खिशात! पन्हाळ्यावर येणारा पर्यटक भाजलेले कणीस हातात घेऊन तटावरून हिंडतो. त्याच गडावर आणि पायथ्याच्या वाड्यावस्त्यांत सारा जन्म काढलेल्या कित्येक वृद्धांना मात्र कणसाला दात लावून वर्षे लोटली आहेत.

दात पडला म्हणजे केवळ तोंडात एक खिंडार पडले, असे आपण समजतो. वस्तुतः खरी हानी दिसत नाही, ती हिरडीच्या आत होते. दाताच्या मुळावाटे जबड्याच्या हाडाला चर्वणाचा दाब मिळत असतो आणि त्या दाबावर ते हाड टिकून राहते. दात काढला की त्या जागचे हाड झिजू लागते. पहिल्या वर्षभरात त्याची रुंदी साधारण निम्म्याने घटते आणि त्यातील बरीचशी घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. शेजारचे दात मोकळ्या जागेकडे कलतात, समोरचा दात आधार नसल्याने आपल्या जागेवरून सरकू लागतो. म्हणूनच वर्षानुवर्षे कवळी वापरणाऱ्याची कवळी हळूहळू सैल होते. कवळी तीच असते, तिच्याखालचे हाड मात्र राहिलेले नसते.

गेलेल्या दाताची भरपाई करण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला काढघाल करता येण्याजोग्या कवळीचा. ती स्वस्त आहे, शस्त्रक्रिया लागत नाही. परंतु पूर्ण कवळीने चावण्याची शक्ती नैसर्गिक दातांच्या पाव हिश्शाच्या आसपासच राहते. दुसरा मार्ग ब्रिजचा, म्हणजे पुलाचा. यात मोकळ्या जागेच्या दोन्ही बाजूंचे दात तासून त्यांवर टोप्या बसवतात व मधला दात त्यांना जोडलेला असतो. काम लवकर होते, पण त्यासाठी दोन निरोगी दात कायमचे तासावे लागतात. तिसरा मार्ग दंतरोपणाचा, ज्याला आता खेड्यापाड्यांतही इम्प्लांट म्हणूनच ओळखतात. येथे दाताच्या जागी आधी मूळ बसवले जाते आणि मग त्या मुळावर दात.

या शोधाची कथा मोठी विलक्षण आहे. १९५२ मध्ये स्वीडनमधील लुंड येथे पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे तरुण संशोधक हाडाच्या आतील रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत होते. त्यासाठी त्यांनी सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियम धातूची एक सूक्ष्म नळी बसवली होती. प्रयोग संपल्यावर ती महागडी नळी काढून पुन्हा वापरावी, असा त्यांचा विचार होता. पण ती निघेना. हाड धातूला इतके घट्ट बिलगले होते की नळी वेगळी करणे अशक्य झाले. (त्या मुक्या सशांचा विचार या सभेतील अनेकांच्या मनात येईल, आणि तो यावा हेही योग्यच आहे.) फसलेल्या प्रयोगातून ब्रोनेमार्क यांना नवी दिशा सापडली. शरीर परक्या वस्तूला बाहेर टाकू पाहते, हा त्या काळचा सर्वमान्य समज होता. टायटॅनियम त्याला अपवाद ठरले. या धातूच्या पृष्ठभागावर हवेच्या संपर्काने ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो आणि हाडाच्या पेशी त्याला आपलेसे करतात.

१९६५ मध्ये यॉस्टा लार्सन या गृहस्थांच्या जबड्यात पहिल्यांदा असे रोपण करण्यात आले. त्यांच्या टाळूत व जबड्यात जन्मजात व्यंग होते. त्यांना बसवलेल्या मुळांनी चाळीस वर्षांहून अधिक काळ, म्हणजे २००६ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत साथ दिली. तरीही वैद्यकविश्वाला हे पटायला दीर्घ काळ लागला. १९८२ मध्ये टोरांटो येथे भरलेल्या परिषदेनंतरच या पद्धतीला जगभर शास्त्रीय मान्यता मिळाली. ब्रोनेमार्क २०१४ मध्ये निवर्तले.

आता प्रत्यक्ष कृती. इम्प्लांट म्हणजे सुमारे आठ ते तेरा मिलिमीटर लांबीचा, आटे असलेला टायटॅनियमचा लहानसा खिळा. प्रथम क्ष-किरण चित्र, आणि शक्यतो सीबीसीटी स्कॅन काढून हाडाची उंची, रुंदी आणि आतील नसेचा मार्ग पाहतात. जागा बधिर करून, हिरडी बाजूला सारून हाडाला नेमके छिद्र पाडतात. हे छिद्र पाडताना सलाइनच्या पाण्याची धार सतत सोडावी लागते, कारण हाड मिनिटभर ४७ अंश सेल्सियसपेक्षा अधिक तापले तर तेथील पेशी मरतात आणि मग खिळा धरत नाही. खिळा बसवल्यानंतरचा काळ प्रतीक्षेचा. खालच्या जबड्यात साधारण तीन-चार महिने, वरच्या जबड्यात हाड पोकळ असल्याने कधी सहा महिनेही लागतात. हाड धातूला बिलगले की त्यावर मधला खुंट आणि खुंटावर दाताची टोपी बसते. सोयीची हाडे असतील तर त्याच दिवशी तात्पुरता दात देण्याची पद्धतही आहे. मात्र ‘एका दिवसात दात’ अशा जाहिराती पाहून हुरळून जाऊ नये. घाई कोणाला मानवेल हे हाड ठरवते, जाहिरात नव्हे.

योग्य रुग्ण निवडला तर दहा वर्षांनंतरही शेकडा नव्वदहून अधिक इम्प्लांट टिकलेले आढळतात. वय ही अडचण नाही. पंचाहत्तरीतही रोपण यशस्वी होते. उलट जबड्याची वाढ पूर्ण न झालेल्या मुलामुलींना ते करीत नाहीत. मधुमेह आटोक्यात असेल तर हरकत नाही, नसेल तर जखम भरत नाही. म्हणून गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी ही तपासणी आधी करून घ्यावी. हाडांच्या ठिसूळपणावर गोळ्या वा इंजेक्शने घेणाऱ्यांनी ते दंतवैद्याला न चुकता सांगावे, कारण त्यातील काही औषधांमुळे शस्त्रक्रियेनंतर जबड्याचे हाड कुजण्याचा धोका असतो. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. आणि तंबाखू. आपल्या भागात पुरुषांच्या तंबाखूची चर्चा होते, पण घरोघरच्या वडीलधाऱ्या स्त्रिया सकाळी जी मिश्री लावतात, तीही भाजलेली तंबाखूच आहे, हे कोणी बोलत नाही. तिने दात स्वच्छ होतात हा केवळ भ्रम आहे; तिने हिरड्यांचे आणि मुखाचे नुकसानच होते, आणि रोपण अपयशी ठरण्याचा धोका वाढतो.

यापुढचा भाग या सभेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. इम्प्लांट स्वतः धातूचा असतो, त्यात प्राणिज असे काही नाही. प्रश्न आहे तो त्याच्या भोवती वापरल्या जाणाऱ्या सामग्रीचा. हाड कमी पडले, विशेषतः वरच्या दाढांच्या जागी, तर तेथे हाडाची भुकटी भरावी लागते. दंतवैद्यांच्या परिचयाची ‘बायो-ऑस’ ही भुकटी गोवंशाच्या हाडावर प्रक्रिया करून बनवलेली असते. भुकटीवर घातला जाणारा कोलॅजनचा पडदा बहुधा डुकराच्या किंवा गुराढोरांच्या ऊतींपासून काढलेला असतो. टाके घालण्याचा काळा धागा पुष्कळदा रेशमाचा असतो, आणि कॅटगट नावाचा विरघळणारा धागा जनावराच्या आतड्याचा. रक्त थांबवण्यासाठी भरला जाणारा स्पंज जिलेटिनचा, औषधाच्या कॅप्सूलचे कवचही बहुतांशी जिलेटिनचे. आयुष्यभर रात्रिभोजन वर्ज्य केलेल्या, पाणी गाळून प्यालेल्या एखाद्या आजींच्या जबड्यात गाईच्या हाडाची भुकटी भरली जाते आणि त्यांना त्याची वार्ताही नसते. यात दंतवैद्याचा हेतू वाईट नसतो. त्याला कोणी विचारलेले नसते, एवढेच.

ही चिंता आजची नव्हे. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात, म्हणजे नवव्या शतकात, उग्रादित्याचार्यांनी ‘कल्याणकारक’ हा वैद्यकग्रंथ संस्कृतात रचला. मद्य, मांस आणि मध वर्ज्य करून चिकित्सा कशी करावी, हा त्याचा विशेष. ग्रंथाच्या अखेरीस औषधातही मांस का नको, याचे विवेचन आहे. हा ग्रंथ १९४० मध्ये सोलापूरच्या सखाराम नेमचंद ग्रंथमालेने प्रकाशित केला. औषध शुद्ध असावे आणि ते गुणकारीही असावे, या दोन्ही मागण्या एकाच वेळी करता येतात, हे आचार्यांनी हजार वर्षांपूर्वी मांडले.

आजही त्या करता येतात, कारण जवळजवळ प्रत्येक वस्तूला पर्याय आहे. हाडाच्या भुकटीऐवजी रुग्णाच्याच हनुवटीचे किंवा जबड्याच्या मागील भागाचे थोडे हाड घेता येते. ते सर्वांत चांगलेही मानले जाते, फक्त जखमेची जागा एक वाढते. हायड्रॉक्सीअपेटाइट किंवा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट ही पूर्णतः कृत्रिम भुकटी मिळते. मानवी दात्यांनी दिलेल्या हाडापासून प्रक्रिया केलेली सामग्रीही असते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८८ पासून अशी ऊतिपेढी आहे. दान केलेले हाड स्वीकारावे की नाही, हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा प्रश्न. पडद्याच्या जागी रुग्णाच्याच रक्तापासून तयार केलेला फायब्रिनचा थर किंवा कृत्रिम पडदा चालू शकतो. धागा नायलॉनचा अथवा विक्रिलसारखा कृत्रिम मागावा, कॅप्सूलऐवजी गोळी मागावी, आणि गुळण्यांचे औषध मद्यार्करहित मागावे. प्रत्येक पर्याय प्रत्येक रुग्णाला लागू पडेलच असे नाही. मोठ्या प्रमाणात हाड भरायचे असेल तर शल्यविशारदाचे म्हणणे ऐकावे लागेल. पण ही चर्चा खुर्चीत बसल्यावर नव्हे, तपासणीच्या पहिल्याच भेटीत व्हायला हवी, म्हणजे सामग्री मागवायला वेळ मिळतो.

व्रतांचेही तसेच. चौविहार पाळणाऱ्यांनी ते आधी सांगितले तर सूर्यास्तापूर्वी घेता येतील अशी दिवसातून दोनदा द्यायची औषधे अनेकदा निवडता येतात. दशलक्षण पर्वात किंवा उपवासाच्या मालिकेत शस्त्रक्रिया ठरवू नये. जखम भरायला पोषण लागते. पहिले काही दिवस पातळ मुगाची खिचडी, भाताची पेज, ताक असा मऊ व कोमट आहार पुरतो.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख करणे आवश्यक आहे. दिगंबर मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांत अदंतधावन आहे. ते मुनींचे व्रत आहे, देहाविषयीच्या त्यांच्या निरपेक्षतेचा भाग आहे. काही वयस्क गृहस्थ त्याचा आधार घेऊन दात घासण्याची टाळाटाळ करतात. गृहस्थाने बाकीचे सत्तावीस मूलगुण सोडून नेमका हाच उचलावा, हे काही बरे नाही.

खर्चाविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. एका दाताचा खर्च चार-दोन हजारांत भागत नाही, दहा हजारांच्या पटीत जातो. सारे दात गेलेल्याला प्रत्येक दातासाठी इम्प्लांट करणे कोणाच्याही आवाक्याबाहेरचे, आणि अनावश्यकही. खालची कवळी सतत हलते अशी ज्यांची तक्रार आहे, त्यांच्यासाठी खालच्या जबड्यात केवळ दोन इम्प्लांट बसवून त्यांवर कवळी बटणासारखी अडकवण्याची पद्धत आहे. २००२ मध्ये कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय मानावा, असे मत दिले. आपल्याकडील शेतकरी कुटुंबांतील वृद्धांना याचा सर्वाधिक लाभ होऊ शकेल. सर्वांत मागची एखादीच दाढ गेली असेल आणि खाण्यास अडचण नसेल, तर काहीही न करणे हाही मार्ग आहे.

उपचारासाठी दूर जावे लागत नाही. कोल्हापूर शहर वीस किलोमीटरवर आहे. वारणा खोऱ्यात नवे पारगाव येथे तात्यासाहेब कोरे दंत महाविद्यालय आहे. दंत महाविद्यालयांत कृत्रिम दंत आणि मुखशल्य हे विभाग असतात, शुल्क सहसा खाजगी दवाखान्यापेक्षा कमी असते, मात्र वेळ अधिक लागतो. चार-सहा फेऱ्या होणारच, म्हणून गडावर राहणाऱ्यांनी पावसाळा टाळून वेळापत्रक आखावे. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत गडाचा रस्ता खचला तेव्हा साध्या तापाच्या रुग्णालाही खाली नेणे कठीण झाले होते.

रोपलेल्या दाताला कीड लागत नाही, हे खरे. पण त्याच्याभोवतीची हिरडी सुजते, पू होतो, हाड झिजते आणि बसलेला इम्प्लांट सुटतो. नैसर्गिक दाताभोवती असणारे तंतू येथे नसल्याने दुखणे लवकर जाणवत नाही. रक्त येणे हीच पहिली सूचना. दोन वेळा मऊ ब्रशने घासणे, फटींत बारीक ब्रश फिरवणे आणि दर सहा महिन्यांनी तपासणी एवढे करावे लागते. इम्प्लांटच्या पाकिटावर कंपनीचे नाव, माप आणि क्रमांक छापलेली चिकटपट्टी असते. ती मागून घेऊन घरच्या कागदपत्रांत जपून ठेवावी. दहा वर्षांनी खुंटाचा स्क्रू सैल झाला आणि मूळ डॉक्टर गावात नसले, तर त्या मापाचा पाना शोधण्यासाठी दुसऱ्या दंतवैद्याला तीच चिकटपट्टी लागेल.