पोटाचा घेर आणि हृदयविकार
(संस्थेच्या वार्षिक सभेत केलेले भाषण)



अतिदक्षता विभागाबाहेर एक प्रश्न वारंवार कानी येतो : ‘‘डॉक्टर, हे तर लठ्ठ नव्हते, मग असे कसे झाले?’’ प्रश्न रास्त आहे. चरबी किती आहे याइतकेच ती कोठे साठली आहे, हेही महत्त्वाचे असते.

फ्रान्समधील डॉ. झाँ वाग यांनी १९४७ मध्येच या भेदाकडे लक्ष वेधले होते. मांड्या व नितंबांवरील त्वचेखालची चरबी हे शरीराचे बऱ्यापैकी सुरक्षित कोठार होय. ते अपुरे पडले की चरबी आतड्यांभोवती आणि यकृतात साठू लागते. आतड्यांभोवतीच्या चरबीतून सुटणारी मेदाम्ले रक्तावाटे थेट यकृतात जातात. मग ट्रायग्लिसराइड वाढते, हितकारक एचडीएल घटते, इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांना त्याची झळ पोहोचते. ५२ देशांतील सुमारे २७ हजार व्यक्तींच्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासाचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. हृदयविकाराच्या झटक्याशी असलेला संबंध उंची-वजनाच्या गुणोत्तरापेक्षा कंबर आणि नितंब यांच्या घेरांच्या गुणोत्तरातून अधिक स्पष्ट होतो, असे त्यात दिसले.

आपल्या लोकांना तर हे विशेष लागू आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! पुण्याजवळच्या सहा गावांतील नवजात बालकांच्या अभ्यासात तर असे आढळले, की सरासरी २.७ किलो वजनाच्या या बाळांत स्नायू कमी असले, तरी चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. ‘खात्यापित्या घरचा’ म्हणून सुटलेल्या पोटाचे कौतुक करणाऱ्या समाजाला हे पचणे जड जाते, याची मला कल्पना आहे.

पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक घेर ही आपल्याकडे धोक्याची खूण मानतात. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सहज सोडल्यावर, पट्टी न आवळता मोजावे. पँटचा नंबर ग्राह्य धरू नये. पोटाखाली पट्टा बांधणाऱ्यांचा नंबर वर्षानुवर्षे बदलत नाही. तंबाखू, रक्तदाब, मधुमेह यांची चौकशी अर्थात सुटत नाही. दिलासा एवढाच, की आहारावर ताबा ठेवला आणि नियमित चालले, तर पोटातील ही चरबी हटू शकते.

विश्वस्तांपाशी एक मागणी आहे. यापुढे आपल्या शिबिरांत प्रत्येकाच्या केसपेपरवर वजनाशेजारी कमरेचा घेरही नोंदवला जावा, सोबत आलेल्या नातेवाइकांचासुद्धा. मोजपट्टीला खर्च नाही, वेळ मात्र लागतो. त्यासाठी एका परिचारिकेची स्वतंत्र नेमणूक मंजूर व्हावी, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.