नदीकाठची वाट सर्वांची



आज मी तुमच्याशी एका वाटेविषयी बोलणार आहे. ती वाट नदीच्या काठाने जाते.

आपल्या हिंगोली जिल्ह्याची नदी कयाधू. ती पैनगंगेला मिळते. पैनगंगेचे पाणी पुढे वर्धा आणि प्राणहिता या नद्यांतून गोदावरीत जाते. नदी गावाला गाव जोडते. तिच्या काठची वाटही तेच काम करते.

पाणी होते म्हणून काठावर गावे वसली. गावाने घाट बांधला. घाटावर देऊळ झाले. देवळापाशी वड-पिंपळ वाढले. म्हणून जुन्या खुणा पाहायच्या तर नदीकाठाने जावे. मोटार भुर्रकन निघून जाते. पायी चालणारा थांबतो. सायकलवालाही पाय टेकून थांबतो. त्यांनाच खुणा दिसतात.

कयाधूच्या काठी नरसी आहे. शिंप्याच्या घरी जन्मलेले संत नामदेव महाराज मूळ इथले. त्यांचा जन्म 1270 सालचा मानतात. नामदेव महाराज कीर्तन करीत पार पंजाबात गेले. शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात त्यांची 61 पदे आहेत. म्हणून पंजाबचे भाविकही नरसीला येतात. इतक्या लांबची माणसे येतात, मग आपण जवळचे का जाऊ नये?

आता गोदावरीकडे वळू. तिच्या काठी नांदेड आहे. गुरू गोविंदसिंगजींनी 1708 साली तिथे देह ठेवला. आज तिथे मोठा गुरुद्वारा आहे. वरच्या अंगाला पैठण आहे. तिथे नदीकाठी एकनाथ महाराजांची समाधी आहे. पैठणजवळच जायकवाडीचे धरण आहे. ते 1976 साली पुरे झाले. धरणाच्या पायथ्याशी ज्ञानेश्वर उद्यान केले. देऊळ, धरण, बाग, सारे एकाच नदीच्या काठी!

परदेशातही अशा वाटा आहेत. इंग्लंडात थेम्स नावाची नदी आहे. पूर्वी तिच्या काठावरून माणसे आणि घोडे दोर लावून नावा ओढीत. पुढे ते काम संपले. पण लोकांनी वाट मोडू दिली नाही. 1996 साली ती पायी चालणाऱ्यांसाठी रीतसर खुली झाली. तिची लांबी सुमारे 295 किलोमीटर आहे. काही भागांत सायकलीही चालतात.

मग आपल्या वाटांचे काय होते? मंडळी, बांध कोरतात तशी वाटही कोरली जाते. यंदा एक तास, पुढच्या वर्षी आणखी एक. मग काटे पडतात. काट्यांवर कचरा पडतो. काठची झाडे तुटतात. मुळे गेली की माती सुटते आणि पुरात काठ ढासळतो. वाट गेली की घाटाकडे कोणी फिरकत नाही. ज्या जागी कोणी जात नाही, ती जागा राखणार कोण?

यावर उपाय आहे. तलाठ्याकडे गावनकाशा असतो. त्यावर गाडीवाटा आणि पाऊलवाटा तुटक रेघांनी दाखवलेल्या असतात. तो मागून पाहा. आता तुम्हाला वाचता येते. कोणी वहिवाटीची वाट अडवली, तर तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. 1906 सालच्या मामलेदार न्यायालय कायद्यात तशी सोय आहे. पण आधी शेजाऱ्याशी गोडीने बोला. भांडणापेक्षा समजूत बरी.

आणखी एक सांगतो. अक्षर आले म्हणून देवळाच्या भिंतीवर नाव कोरू नका. कोरीव दगडाला रंग फासू नका. सही करायची तर ग्रामसभेच्या वहीत करा. जुन्या जागी पाटी असेल तर ती मोठ्याने वाचा, म्हणजे पोराबाळांनाही कळेल. निर्माल्य आणि प्लास्टिक पाण्यात टाकू नका. पुराच्या दिवसांत मात्र काठाला जाऊ नका.

पाऊस सरला की एखाद्या रविवारी भाकरी बांधून घ्या. आयाबायांनाही बरोबर घ्या. कोणी पायी, कोणी सायकलीवर, नरसीला जाऊन या. जाताना वाट नीट पाहा. कुठे अडली आहे, कुठे खचली आहे, ते कागदावर लिहा. तो कागद ग्रामसभेत वाचून दाखवा.

वाट चालणाऱ्यांची असते. चालणे थांबले की ती जाते. म्हणून चालत राहा!