हंगाम आणि हजेरी



राज्यात सर्वांत जास्त साखर कारखाने आपल्या सोलापूर जिल्ह्यात. नोव्हेंबरच्या सुमाराला गाळप सुरू झालं, की बीड, धाराशिवकडून तोडीच्या टोळ्या येतात आणि आपल्याच मंगळवेढा-सांगोल्याची माणसं बिऱ्हाड घेऊन दुसरीकडं तोडीला जातात. नेमकं त्याच वेळी दिवाळीची सुट्टी संपून शाळेचं दुसरं सत्र सुरू होतं.

मुकादम उचल देतो ती नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला. मग मूल ठेवायचं कुणाजवळ? तेही कोपीवर जातं. आईबाप पहाटे फडात गेले, की तान्ह्याला सांभाळायला थोरली बहीण. जूनमध्ये ती वर्गात परतते तेव्हा गणित फार पुढं गेलेलं असतं. असे दोन-तीन हंगाम गेले, की शाळा सुटते ती कायमची. घरी बसलेल्या पोरीचं लग्न लवकर उरकतात. लग्न झालं की नवा कोयता तयार, नवी उचल तयार. आईचं कर्ज फिटलं नसताना मुलीचं सुरू होतं.

युनेस्कोनं २०१७ साली हिशेब मांडला होता: जगातल्या सगळ्या प्रौढांचं माध्यमिक शिक्षण पूर्ण झालं, तर ४२ कोटी माणसं गरिबीतून वर येतील. माध्यमिक म्हणजे दहावी-बारावी. आपली ऊसतोडीची पोर तिथवर पोचतच नाही.

चांगले शिक्षक नाहीत म्हणावं, तर माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्काराचे मानकरी ठरले. पण मूल वर्गातच नसेल, तर गुरुजींनी शिकवायचं कुणाला?

माझ्या मते सगळ्यांत चांगला उपाय म्हणजे गावातलं हंगामी वसतिगृह. आईवडील गेले तरी मूल आपल्याच शाळेत, आपल्याच बाईंसमोर राहतं, दोन्ही वेळचं जेवतं. मात्र त्याची मंजुरी टोळ्या निघण्याआधी हवी. ट्रक गावाबाहेर गेल्यावर आलेला कागद काय कामाचा? दसऱ्यालाच मुख्याध्यापकांनी आणि सरपंचांनी घरोघर जाऊन मुलांची नावं लिहून घ्यावीत.

आणि बागायतदार बंधूंनो, तुमच्या फडावर टोळी उतरली, की तिच्यात मुलं किती, कोणत्या वयाची, हे त्याच दिवशी जवळच्या शाळेत कळवा. ६ ते १४ वर्षांच्या मुलाला प्रवेश देणं २००९ च्या कायद्यानं शाळेवर बंधनकारक आहे. जुन्या शाळेचा दाखला जवळ नसला, तरीही.