चष्मा केव्हा उतरवावा?



ज्या शाळेच्या बाकांवर बसून मी मुळाक्षरे गिरविली, त्याच शाळेने सरांच्या स्मृतिव्याख्यानासाठी मला पाचारण करावे, हा मी माझा बहुमान समजतो. सरांच्या विद्वत्तेविषयी बोलण्याचा अधिकार माझ्याहून थोर शिष्यांचा आहे. मला त्यांची एक साधी आठवण सांगावयाची आहे. सातवीत असताना फळ्यावरील गणित वहीत उतरवून घेताना मी वरचेवर चुकत असे. गंमत अशी, की चुकीच्या उतरविलेल्या आकड्यांचे उत्तर मात्र अचूक येई. बाकीच्यांनी मला धांदरट ठरविले होते. सरांनी वह्या तपासता तपासता ही विसंगती हेरली. त्याच सायंकाळी ते दांडिया बाजारातील आमच्या बिऱ्हाडी आले आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "मुलाचे गणित उत्तम आहे. त्याचे डोळे तपासून घ्या."

आठवडाभरात माझ्या नाकावर चष्मा आला, आणि पुढे मी नेत्रवैद्य झालो. म्हणून आज सरांच्या नावे बोलताना मी माझ्याच व्यवसायातला, पण तुमच्या वयाला भिडणारा प्रश्न निवडला आहे. विद्यार्थ्याने लेसर शस्त्रक्रिया करून चष्मा उतरवावा का, आणि उतरवावयाचा तर केव्हा?

दरवर्षी बारावीची परीक्षा संपली, की माझ्या दवाखान्यात आई-वडील आणि मुले येतात. जूनमध्ये वसतिगृहात जावयाचे असते, कुणाला सैन्यात भरती व्हावयाचे असते, कुणाच्या घरी स्थळे पाहणे सुरू झालेले असते. तारीख घरीच ठरलेली असते. माझ्याकडे फक्त होकार मागावयाचा असतो. ती तारीख आपण ठरवावयाची नसून डोळ्याने ठरवावयाची आहे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

प्रथम ही शस्त्रक्रिया करते काय, ते पाहू. डोळ्याच्या पुढील पारदर्शक पडद्याला आपण पारपटल म्हणतो. प्रकाश वळविण्याचे सुमारे दोन-तृतीयांश काम हे पारपटल करते. नवजात बालकाचा डोळा पुढून मागे सुमारे १७ मिलिमीटर लांब असतो. प्रौढाचा सुमारे २४. ज्याचा डोळा याहून लांब वाढतो, त्याच्या डोळ्यात दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच पडते. हीच निकटदृष्टिता. लेसरने आपण पारपटलाचा मधला भाग किंचित चपटा करतो, म्हणजे प्रतिमा मागे सरकून दृष्टिपटलावर पडते. डोळ्याची लांबी मात्र आहे तेवढीच राहते.

या विद्येच्या इतिहासात भारतीयांना अभिमान वाटावा असे एक पान आहे. मद्रास येथे जन्मलेले शास्त्रज्ञ रंगस्वामी श्रीनिवासन हे अमेरिकेत आय.बी.एम.च्या प्रयोगशाळेत काम करीत होते. १९८१ सालच्या नोव्हेंबरात, सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्की पक्ष्याच्या मांसावर त्यांनी एक्सायमर लेसरचा झोत टाकून पाहिला. १९३ नॅनोमीटर तरंगलांबीच्या त्या अतिनील किरणांनी आजूबाजूचा भाग न भाजता नेमका थर उडविला. ब्लम आणि वाइन या सहकाऱ्यांसह केलेल्या या शोधातून पुढे डोळ्याची शस्त्रक्रिया उभी राहिली. १९९५ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिला प्रथम मान्यता दिली. लॅसिक पद्धतीत पारपटलाचा पातळ पापुद्रा उचलून त्याखाली लेसर चालवितात, पी.आर.के. पद्धतीत पापुद्रा न करता वरूनच. तिसरी पद्धत स्माइल नावाची. तीत लहानशा छेदातून आतली चकती काढून घेतात. या तिसऱ्या पद्धतीच्या प्रारंभीच्या निष्कर्षांपैकी एक महत्त्वाचा शोधनिबंध २०११ साली आपल्या बडोद्याच्याच डॉ. रूपल शहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. तेव्हा या विद्येला मी नावे ठेवीत आहे, असे कृपया कुणी समजू नये. योग्य डोळ्यावर योग्य वेळी केलेली ही शस्त्रक्रिया अत्यंत समाधानकारक असते.

आता वेळेचा प्रश्न. अठरा वर्षे पूर्ण होणे ही किमान अट आहे. तेवढ्याने भागत नाही. अमेरिकेत २०१६ साली स्माइलला प्रथम मान्यता मिळाली, तेव्हा वयाची अट बावीस वर्षांची होती. याचे कारण असे, की पुष्कळ मुलांचा नंबर विशीच्या आरंभापर्यंत वाढत राहतो. निदान गेल्या एका वर्षात नंबर अर्ध्याहून अधिक बदललेला नसावा, हा सर्वसाधारण नियम आहे; दोन वर्षांचा दाखला मिळाला तर अधिक बरे. म्हणून शस्त्रक्रियेची तयारी आजच सुरू करता येते, आणि तिला एक पैसाही लागत नाही. चष्म्याची प्रत्येक चिठ्ठी तारखेसह एका पाकिटात जपून ठेवा.

नंबर वाढत असता घाई केली तर काय होते? माझ्याच हातून घडलेली गोष्ट सांगतो. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी एक मुलगी आई-वडिलांसह आली. वय नुकतेच अठरा झालेले. चांगले स्थळ आले होते आणि मुलाकडच्यांना चष्मा नको होता. जुन्या चिठ्ठीवरून मला दिसत होते, की वर्षभरात तिचा नंबर पाऊणाने वाढला आहे. मी थांबावयास सांगितले. वडिलांनी हात जोडले. आणि मी मान डोलविली. शस्त्रक्रिया निर्वेध पार पडली. चार वर्षांनी ती पुन्हा आली, तेव्हा दोन्ही डोळ्यांत दीड नंबर परत आला होता. पारपटल मुळातच पातळ असल्याने दुसऱ्यांदा लेसर करणे सुरक्षित नव्हते. तिने शांतपणे विचारले, "डॉक्टरकाका, हे असे होईल, हे तुम्हाला तेव्हा ठाऊक होते का?" मला ठाऊक होते. त्या प्रश्नाला मी दिलेले उत्तर तेवढेच होते, आणि त्यानंतर कुणाच्या जोडलेल्या हातांकडे पाहून मी निर्णय दिलेला नाही.

हिशोब समजून घ्या, म्हणजे वैद्य का अडवितो ते कळेल. पारपटलाची जाडी मध्यभागी सुमारे ५४० मायक्रॉन असते. अर्ध्या मिलिमीटरहून किंचित अधिक. एक नंबर उतरविण्यासाठी साधारण १२ ते १५ मायक्रॉन खर्ची पडतात. लॅसिकचा पापुद्रा १०० ते १२० मायक्रॉनचा. म्हणजे सहा नंबरच्या विद्यार्थ्याचे सुमारे ८५ मायक्रॉन लेसरने गेले आणि ११० पापुद्र्यात गेले, तर खाली ३४५ उरतात. पापुद्र्याखाली निदान २५० मायक्रॉनचा थर राहिलाच पाहिजे, आणि पुष्कळ शल्यविशारद ३०० चा आग्रह धरतात. हा थर पुन्हा उगवत नाही. एकदा खर्च झालेले भांडवल परत मिळत नाही, म्हणून ते वाढत्या नंबरावर उधळू नये.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. केरॅटोकोनस नावाच्या विकारात पारपटल कमकुवत होऊन शंकूसारखे पुढे येते. हा विकार बहुधा पौगंडावस्थेत डोके वर काढतो आणि विशी-तिशीत वाढतो; म्हणजे नेमका तुमच्या वयात. आरंभी त्याचे लक्षण एवढेच, की चष्म्याचा, विशेषतः तिरकस नंबर, वारंवार बदलतो. अशा डोळ्यावर लेसर चालविला, तर आधीच दुबळी भिंत आणखी पोखरली जाते. म्हणून टोपोग्राफी, म्हणजे पारपटलाच्या चढउतारांचा नकाशा, काढल्यावाचून कुणीही होकार देऊ नये आणि घेऊही नये. माझा स्वतःचा भाचा मोठ्या उमेदीने माझ्याकडे आला होता. नकाशात त्याच्या डाव्या डोळ्यात या विकाराची सुरुवात दिसली. चष्मा उतरविण्याऐवजी आम्ही त्याच्या पारपटलाला बळकटी देणारा क्रॉसलिंकिंगचा उपचार केला. तो आजही चष्मा लावतो, आणि उत्तम पाहतो. त्याला डोळे चोळण्याची सवय होती. ती सवय या विकाराला हातभार लावते. ती ज्यांना असेल, त्यांनी आजपासून सोडावी.

आता दिनदर्शिकेविषयी. तपासणीपूर्वी मऊ कॉन्टॅक्ट लेन्स निदान एक-दोन आठवडे, आणि कडक लेन्स त्याहून बरेच आठवडे बंद ठेवाव्या लागतात. कारण लेन्सच्या दाबाने पारपटलाचा आकार बदलतो आणि मोजमाप चुकते. लॅसिकनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बहुतेकांना चांगले दिसू लागते, पण पी.आर.के.मध्ये पहिले काही दिवस वेदनेचे आणि दृष्टी स्थिरावण्याचे आठवडे निराळे. पारपटलातील सूक्ष्म मज्जातंतू कापले गेल्याने डोळे कोरडे पडतात आणि हा कोरडेपणा कित्येक महिने रेंगाळू शकतो. रात्री दिव्यांभोवती वलये दिसतात. बहुतेकांची ती ओसरतात, काहींची राहतात. ज्याला पुढल्या महिन्यात दिवसाचे दहा तास पुस्तकात किंवा संगणकाच्या पडद्यावर डोळे लावावयाचे आहेत, त्याने तो महिना टाळावा. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनोइन घेणाऱ्या मुलामुलींनी ते न लपविता सांगावे, कारण त्या औषधाने डोळे कोरडे पडतात.

नोकरीचा विचार असेल, तर आधी भरतीचे नियम वाचा. सेनादलांत शाखेनुसार निरनिराळे दंडक आहेत. कोठे ठरावीक वयापूर्वी झालेली शस्त्रक्रिया चालत नाही, कोठे शस्त्रक्रियेनंतर विशिष्ट काळ लोटावा लागतो, कोठे ती मुळीच मान्य नाही. रेल्वेच्या साहाय्यक इंजिनचालकाच्या भरतीत लेसर शस्त्रक्रिया झालेल्या उमेदवाराला अपात्र ठरविण्याची तरतूद जाहिरातीत आढळते. नोकरीसाठी म्हणून केलेल्या शस्त्रक्रियेनेच ती नोकरी गमावणारा तरुण, यासारखे दुःख नाही. हे नियम वेळोवेळी बदलतात. म्हणून मित्राच्या सांगण्यावर न विसंबता त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचावी.

लग्नाविषयी बोलताना मी वैद्याची खुर्ची क्षणभर बाजूला ठेवतो. चष्मा लावणारी मुलगी नको म्हणणाऱ्या घरासाठी मुलीच्या डोळ्याला लेसर लावू नये. तिला स्वतःला हवे असेल, डोळा तयार असेल, तर अवश्य करावे. परंतु संमती तिची असावी, आणि ती तिने एकटीने खोलीत बसून, न भीता दिलेली असावी. हल्ली मी पालकांना दहा मिनिटे बाहेर बसवितो. त्या दहा मिनिटांत कितीतरी तारखा आपोआप पुढे सरकतात.

शस्त्रक्रिया काय करीत नाही, हेही माहीत असावे. चष्मा गेला तरी लांब वाढलेला डोळा लांबच राहतो. त्यामुळे दृष्टिपटल फाटण्याचा किंवा सुटण्याचा धोका तसाच राहतो आणि मोठा नंबर असलेल्याने दृष्टिपटलाची तपासणी आयुष्यभर करावी. चाळिशी कुणाला चुकलेली नाही. त्या वयात वाचण्याचा चष्मा बहुधा लागतोच. आणि उतारवयात मोतीबिंदू झाला, तर आत बसवावयाच्या भिंगाचे गणित मांडताना लेसरपूर्वीची मोजमापे उपयोगी पडतात. ती कागदपत्रे पदवीच्या प्रमाणपत्राइतकीच जपावीत.

मग होकार केव्हा? काही वर्षांपूर्वी याच शहरातील तेवीस वर्षांची एक खेळाडू आली. तीन वर्षांच्या चिठ्ठ्या तिच्यापाशी होत्या. नंबर जागचा हललेला नव्हता. पारपटल जाड, नकाशा निर्दोष, डोळे ओलसर, परीक्षा आटोपलेल्या, हंगाम सुरू होण्यास पाच महिने अवकाश. तिने मला बारा प्रश्न लिहून आणले होते आणि निर्णय स्वतःचा स्वतः घेतला होता. तिला हो म्हणावयास मला क्षणही लागला नाही. अठराव्या वर्षी तिलाही मीच परत पाठविले होते, याची आठवण तिने मला हसत हसत करून दिली.

विद्यार्थी मित्रहो, थांबण्याची किंमत म्हणजे आणखी दोन वर्षे चष्मा. घाईची किंमत कधी कधी जन्मभराची असते. डोळा तयार असेल तर तो दोन वर्षांनीही तयारच असेल. आणि नसेल, तर त्या दोन वर्षांतच ते उघड होईल.

सरांनी माझी वही तपासताना उत्तराआधी मी उतरवून घेतलेले गणित पाहिले होते. आपणही हाच क्रम ठेवावा, अशी माझी विनंती आहे. आधी नंबर, जाडी, नकाशा, वय आणि आपली स्वतःची इच्छा हे आकडे नीट उतरवून घ्यावेत. ते बरोबर उतरले, की तारीख शोधावी लागत नाही.