गांवाचें नांव आणि परक्याची जीभ

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाच्या सभेंत प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाचा हा दिवस परमेश्वराच्या कृपेनें आपणांस पाहावयास मिळाला, याबद्दल प्रथम त्याचे उपकार मानूं या. धर्मग्रामाचा इतिहास स्मरणिकेंत अन्यत्र येणार असल्यामुळें त्याची पुनरुक्ति आम्ही करीत नाहीं. आज एका लहानशा गोष्टीविषयीं चार शब्द बोलावे असें मनांत आहे. गांवाचें नांव तेथला माणूस एका रीतीनें उच्चारतो आणि परका दुसऱ्या रीतीनें. या भेदाकडे आपण थट्टेचा विषय म्हणून पाहतों. परंतु तेथें ख्रिस्ती मनुष्याची परीक्षा होते, असें आम्हांस अनुभवानें कळलें आहे.

प्रथम आपल्या शहराचेंच नांव घ्या. ७५८ व ७६८ सालच्या राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत या प्रदेशास 'पुण्यविषय' व 'पूनकविषय' म्हटलें आहे. विषय म्हणजे प्रांत. पुढें त्याचें मराठींत 'पुणें' झालें आणि इंग्रजांच्या कारकीर्दींत 'पूना'. हा प्रकार पुण्यापुरताच नव्हे. ठाण्याचें 'ठाणा', वांद्र्याचें 'बांद्रा', धुळ्याचें 'धुलिया' अशाच रीतीनें झालें. मराठी नांवाच्या शेवटचा एकार परक्याच्या तोंडीं टिकला नाहीं. त्याच्या जागीं आकार आला. १९७८ सालीं सरकारनें इंग्रजींतही 'पुणे' हेंच नांव ठरविलें. परंतु आपला धर्मप्रांत १८८६ सालीं 'पूना' या नांवानें स्थापन झाला, तो आजही त्याच नांवाचा आहे. मुंबईच्या महाधर्मप्रांतानेंही 'बॉम्बे' सोडलेलें नाहीं. उलट १९९८ सालीं वसईचा नवा धर्मप्रांत निर्माण झाला, तेव्हां पोर्तुगीजांचें 'बसाईं' किंवा इंग्रजांचें 'बसीन' न घेतां 'वसई' हेंच नांव घेतलें गेलें. एकाच ख्रिस्तसभेंत दोन्ही रीती शेजारीं शेजारीं नांदत आहेत, आणि त्यामुळें कोणाचा विश्वास उणा झालेला नाहीं.

लष्कराच्या बाजूस गेलों म्हणजे आणखी एक गोष्ट ध्यानांत येते. इंग्रजांनीं खडकीचें 'किर्की' केलें, वानवडीचें 'वानवरी' आणि घोरपडीचें 'घोरपुरी'. तिन्ही ठिकाणीं ड गेला आणि र आला. दोन स्वरांच्या मध्यें आलेला आपला ड उच्चारतांना जीभ वर वळते आणि झटकन् खालीं येते. इंग्रजाच्या भाषेंत असा ड नाहीं. त्याच्या कानास तो र सारखाच लागतो. गोव्यांत पोर्तुगीजांनीं मडगांवच्या ड चा र केला तोही असाच. राष्ट्रें दोन, भाषा दोन, पण चूक एकच. तेव्हां येथें दोष जिभेचा नसून कानाचा आहे. मनुष्य जें ऐकावयास शिकला नाहीं, तें त्यास बोलतां येत नाहीं. ५ नोव्हेंबर १८१७ ची लढाई आपण खडकीची म्हणतों, इंग्रजी इतिहासांत ती किर्कीची. आणि खडकीच्या युद्धस्मशानभूमीच्या इंग्रजी नांवांत 'किर्की' अद्यापि आहे.

आपल्या मिस्सेस येणाऱ्या मंडळींतही हें दिसतें. उत्तरेकडील बंधू लोणावळ्यास 'लोनावला' म्हणतात, कारण त्यांच्या बोलींत ळ नाहीं. पण तमिळ आणि मल्याळी बंधूंस तोच ळ आपल्याइतका स्वच्छ येतो; तो त्यांच्या घरचाच आहे. मात्र चाकण म्हणतांना त्यांच्या तोंडीं 'चाक' मधला च न येतां 'चार' मधला येतो.

दुसऱ्याच्या डोळ्यांतील कुसळ काढण्यापूर्वीं आपल्या डोळ्यांतील मुसळाकडेही पाहावें. ग्वालियरास आपण ग्वाल्हेर म्हणतों, इंदौरास इंदूर, वडोदऱ्यास बडोदें आणि तंजावूरास तंजावर. ज्या शहरांत मराठ्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या राज्य केलें, त्यांचीं नांवेंही त्यांनीं आपल्या जिभेप्रमाणें वळवून घेतलीं. ज्या पेपल सेमिनरींत आमचें शिक्षण झालें, ती १९५५ सालीं सिलोनांतील कँडीहून पुण्यास आली. आम्ही विद्यार्थी मोठ्या अभिमानानें कँडीचें नांव घेत असूं. पण तेथला सिंहली मनुष्य आपल्या शहरास 'महनुवर' म्हणतो, म्हणजे मोठें नगर, हें आम्हांस फार उशिरां कळलें. तेथें आम्हीच परके होतों.

आतां ज्या प्रसंगानें या विषयाकडे आमचें मन वळलें तो सांगतों. आम्ही सहायक धर्मगुरू म्हणून नुकतेच रुजू झालों होतों. आमचा जन्म वसईकडचा. नगरकडील गांवें आम्हांस केवळ नकाशावरून ठाऊक. एके दिवशीं एक वृद्ध बाई आपल्या नातवास घेऊन आल्या. त्याचें लग्न ठरलें होतें आणि त्याच्या स्नानसंस्काराचा दाखला हवा होता. मुलगा लहान असतां घरचीं माणसें कामासाठीं पुण्यांत होतीं, त्या काळची ती गोष्ट. साल त्यांस नक्की सांगतां येईना. गांव विचारलें तेव्हां त्या 'वळन' म्हणाल्या. राहुरी तालुक्यांतील वळण हें तें गांव.

आम्हीं नोंदवही काढली. मुलाचें आणि बापाचें नांव जुळलें. पण तीं नांवें आपल्या लोकांत घरोघर सांपडतात. आईच्या नांवावर पाणी पडून शाई पसरली होती. राहिलें गांवाचें नांव. तें एका परदेशी धर्मगुरूंनीं रोमन लिपींत लिहिलेलें होतें. त्या लिपींत ळ नाहीं, ण नाहीं, आणि अ कोठें व आ कोठें हेंही कळत नाहीं. आम्हीं तें 'वालन' असें वाचलें आणि सांगितलें, "आजी, ही नोंद तुमची नव्हे, गांव वेगळें आहे." त्या म्हणाल्या, "फादर, आपलं गाव कुनी इसरतं का?" आम्ही हंसलों. त्यांचा 'न' ऐकून आमच्या मनांत असें आलें कीं, ज्यांस आपल्या गांवाचें नांव धड उच्चारतां येत नाहीं, त्यांच्या सांगण्यावर कितपत विसंबावें! बंधुभगिनींनो, हा विचार आम्हीं केला, हें आज आपणांसमोर कबूल करतों.

पंधरा दिवसांनीं नगरकडील एक वृद्ध मास्तर दुसऱ्या कामासाठीं तीच वही पाहत होते. त्यांनीं तें पान मोठ्यानें वाचलें आणि सहज म्हणाले, "हें तर आमच्याकडील वळण." आम्हीं तत्काळ दाखला पाठविला. परंतु तोंवर उपवासकाळ सुरू झाला होता. लग्नाची तारीख मोडली आणि तें लग्न ईस्टरनंतर लागलें. दोन घरांस खर्च पडला, आणि मुलीकडच्यांस चार माणसांत उत्तरें देत बसावें लागलें. त्या बाईंनीं आम्हांस एक शब्दही बोलून दाखविला नाहीं.

त्या दिवसापासून एक गोष्ट आमच्या मनांत सलत आहे. इंग्रजानें 'पूना' म्हटलें, तें शंभर वर्षांहून अधिक काळ आपण टपालावर लिहिलें, शाळेंत शिकलों आणि धर्मप्रांताच्या शिक्क्यावर मान्य केलें. त्यांतही ण चा न झाला होता. त्यास कोणी हंसलें नाहीं. मात्र आपला शेतकरी बंधु 'पुन्याला चाललो' म्हणतो, तेव्हां आपल्या ओठांवर हंसूं येतें. न एकच. साहेबाच्या तोंडीं तो नियम झाला आणि गरिबाच्या तोंडीं तो अडाणीपणा झाला. मग आपण हंसतों तें उच्चारास, कीं त्या माणसाच्या गरिबीस?

पवित्र शास्त्रांत शास्त्यांच्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायांत एक भयंकर कथा आहे. गिलादाच्या लोकांनीं यार्देनेचे उतार रोखून धरले आणि जो येईल त्यास 'शिब्बोलेथ' म्हणावयास लाविलें. एफ्राईमाच्या माणसांस श म्हणतां येत नसे. जो 'सिब्बोलेथ' म्हणे त्यास तेथेंच ठार करीत. असे बेचाळीस हजार पडले. दोन्ही बाजूंस इस्राएलाचींच लेंकरें होतीं. महायाजकाच्या वाड्यांत संत पेत्रासही चाकरांनीं त्याच्या गालीली बोलीवरूनच ओळखलें, आणि त्यानें भिऊन प्रभूस नाकारलें. पण पुढें पन्नासाव्या दिवशीं पवित्र आत्मा उतरला, तेव्हां देशोदेशींच्या लोकांस प्रेषितांचे बोल ज्याच्या त्याच्या मातृभाषेंत ऐकूं आले. प्रेषितांचे गालीली उच्चार त्या दिवशीं सुधारले, असें कोठेंही लिहिलेलें नाहीं.

म्हणून आमचें सांगणें इतकेंच. परक्याकडून आपल्या गांवाचें नांव चुकलें तर त्यास प्रेमानें सांगावें. त्याची परीक्षा घेऊं नये. आपण परक्या गांवीं गेलों तर तेथील माणसास आधीं विचारावें, "तुम्ही या गांवास काय म्हणतां?" आणि आपल्याच भावाचा उच्चार आपल्याहून निराळा असला, तर आधीं तो नीट ऐकावा. १७९२ साल हें पुण्यांतील आपल्या पहिल्या ख्रिस्तमंदिराचें साल. सवाई माधवरावांनीं त्यासाठीं क्वार्टर गेटजवळ जागा दिली ती आपल्या फौजेंतील ख्रिस्ती लोकांसाठीं. त्या लोकांची जीभ पुणेरी होती काय, हें पेशव्यांनीं पाहिलें नाहीं. मग एकाच वेदीपाशीं येणाऱ्या आपण तें कां पाहावें?

या महोत्सवाची आठवण म्हणून एक लहानसा नियम आम्ही आजपासून करीत आहों. यापुढें स्नानसंस्काराच्या नोंदवहींत गांवाचें नांव रोमन लिपीबरोबर देवनागरींतही लिहिलें जाईल. घरच्या वडील माणसाच्या तोंडून तें ऐकून लिहावें, आणि लिहिल्यावर त्यांस वाचून दाखवावें. जुन्या वह्यांतील नांवेंही अशीच लिहून काढावयाचीं आहेत. नगरकडील, वसईकडील, गोव्याकडील, तमिळ आणि मल्याळी अशा सर्व वडील मंडळींनीं रविवारच्या मिस्सेनंतर कचेरींत येऊन आम्हांस साहाय्य करावें, अशी विनंती आहे. आम्ही वाचूं, जेथें चुकूं तेथें आपण सांगावें.

उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांस नांवानें हांक मारतो. तें नांव ओळखूं येईल असें उच्चारावयाचें, तर आधीं तें कान देऊन ऐकावें लागतें. तो कान परमेश्वर आपणां सर्वांस देवो, आणि त्याची कृपा या धर्मग्रामावर अखंड राहो.