पाण्याचा आणि विजेचा हिशेब नकाशावरच



स्वागत समितीच्या वतीने मी महाराष्ट्र-कर्नाटकातून आलेल्या आपणा सर्व वास्तुविशारद, अभियंते व बांधकाम व्यावसायिकांचे बेंगळुरूच्या जयनगरात मनःपूर्वक स्वागत करतो. शहाजीराजांच्या जहागिरीपासून बेंगळुरूशी मराठी माणसाचे नाते आहे. त्यामुळे आपण इथे पाहुणे असलात, तरी परके नाही.

जयनगर वसवायला 1948 मध्ये सुरुवात झाली. ब्लॉकवार आखणी, रुंद रस्ते, झाडे, मैदाने अशी ही वसाहत. आज इथल्या मुख्य रस्त्यांवर बंगल्यांच्या जागी दुकाने, दवाखाने आणि कार्यालये उभी राहत आहेत. म्हणून व्यापारी इमारती पर्यावरणाला झेपतील अशा कशा बांधाव्यात, याची चर्चा इथे होणे मला फार उचित वाटते.

आधी पाण्याचे पाहू. या शहराला कावेरीचे पाणी सुमारे 100 किलोमीटरांवरून, तीन टप्प्यांत पंपाने चढवून आणावे लागते. 2024 च्या उन्हाळ्यात बोअरवेल आटल्या आणि टँकरसाठी झालेले हाल सर्वांनी पाहिले. पण याच शहरात वर्षाला सरासरी 900 मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. म्हणजे 1,000 चौरस मीटरांच्या गच्चीवर वर्षाकाठी नऊ लाख लिटर पाणी पडते. गळती-बाष्पीभवन वजा केले, तरी सात लाख लिटर हाती लागावे. मोठ्या भूखंडांवर पर्जन्यजल संकलन 2009 पासून इथे कायद्याने बंधनकारक आहे. ते कसे करावे, हे दाखवणारे उद्यान इथेच, पाचव्या ब्लॉकात आहे. त्याला सर विश्वेश्वरय्यांचे नाव आहे. पुण्यात शिकलेल्या आणि खडकवासल्याच्या धरणावर 1903 मध्ये स्वयंचलित दरवाजे बसवणाऱ्या या अभियंत्यावर आपल्या दोन्ही राज्यांचा सारखाच हक्क आहे. सवड काढून ते उद्यान अवश्य पाहा.

विजेचेही तसेच. समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवरच्या या शहराची हवा मुळात सौम्य. तरी पश्चिमेला काचेची भिंत उभी केली, की दुपारभर वातानुकूलन चालवावेच लागते. याउलट पुण्यात हडपसरला ख्रिस्तोफर बेनिंजर यांनी रचलेले सुझलॉनचे ‘वन अर्थ’ संकुल पाहा. बुटक्या इमारती, मोकळे चौक, उन्हाला अडवणाऱ्या झडपा आणि आतवर पोहोचणारा दिवसाचा उजेड.

मग असे सगळीकडे का होत नाही? माझ्या मते अडचण तंत्राची नाही, व्यवहाराची आहे. बांधणारा एक, बिल भरणारा दुसरा. छज्जा, टाकी, सांडपाण्याची वेगळी नळवाहिनी यांचा खर्च विकासकाच्या माथी पडतो आणि बचत भाडेकरूच्या खिशात जाते. हा तिढा सुटेल असे भाडेकरार लिहिले पाहिजेत. इमारत विकताना किंवा भाड्याने देताना क्षेत्रफळासोबत तिचा वर्षाचा पाण्या-विजेचा खर्चही ग्राहकाला लेखी सांगितला पाहिजे. मग चांगल्या बांधणीला बाजारातच भाव मिळेल.

या परिषदेतून अशा भाडेकराराचा एक मसुदा तयार व्हावा, ही यजमान म्हणून आमची आग्रहाची विनंती आहे. निवास-भोजनाची व्यवस्था सांभाळणाऱ्या कार्यकर्त्यांचे आणि आम्हाला आपले मानणाऱ्या कन्नड शेजाऱ्यांचे मी आभार मानतो, आणि पुन्हा एकदा आपले स्वागत करून परिषदेची सूत्रे अध्यक्षांच्या हाती देतो.